पेटी आणि बेअरिंग

जुनी मोटार बाळगणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे, हे मला मान्य आहे. म्हापशाच्या न्यायालयात माझ्या बरोबरीने वकिली करणारी मित्रमंडळी मला हे वारंवार सुनावतात, आणि त्यांचा युक्तिवाद खोडून काढण्याइतका आधार माझ्यापाशी नाही. नव्या गाड्या शांत धावतात, आत बसणाऱ्याला थंडगार वारा देतात, आणि बिघडल्याच तर एका दूरध्वनीसरशी माणसे धावून येतात. माझी गाडी १९५९ सालची फोक्सवागन आहे. तिचे इंजिन पाठीमागे, सामान ठेवण्याची जागा पुढे, विजेची घडण ६ व्होल्टांची, आणि आकार असा की, जगाने तिला ‘बीटल’ म्हणजे भुंगेरा म्हटले, तरी आमच्या आजोबांना तिच्यात कूर्मच दिसला. तेव्हापासून तीन पिढ्या आमच्या घरात तिला ‘कासव’ हेच नाव आहे.

आजोबांनी ती घेतली तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि जर्मन गाड्या मुरगाव बंदरात बोटीने उतरत. पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला, आजोबा गेले, वडीलही गेले. कासव राहिले. माझी आई मूळची वडोदऱ्याची. लग्न होऊन ती १९६८ साली गोव्यात आली, तेव्हा मडगावच्या स्थानकापासून घरापर्यंत तिने केलेला पहिला प्रवास याच गाडीतला. तेव्हापासून माघातल्या जत्रेला कवळ्याला जायचे ते कासवातूनच, असा तिचा नेम आहे. आज तिच्या वयाची पंचाहत्तरी उलटली आहे. गुडघे कुरकुरतात, परंतु नेम मोडलेला नाही. मी जुनी मोटार का बाळगतो याचे खरे उत्तर हे आहे. न्यायालयात ते टिकणार नाही, म्हणून तिथे मी ते देत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास कासवाच्या पुढच्या डाव्या चाकातून एक बारीक घुमणारा आवाज येऊ लागला. वेग वाढला की आवाज वाढे. गाडी उजवीकडे वळवली की तो अधिक मोठा होई, आणि डावीकडे वळवली की जवळजवळ नाहीसा होई. आमचे जुने मेस्त माझ्या वडिलांच्या वेळेपासून या गाडीची चाकरी करीत आले आहेत. त्यांनी चाक जॅकवर उचलले, वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले आणि मग फिरवून कान दिला. “वकीलबाब, हो आवाज बेअरिंगाचो,” ते म्हणाले. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून ते चाक तेव्हाच अधिक रडते, हे त्यांनी मला समजावून दिले.

बेअरिंग म्हणजे काय, हे ज्यांनी कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आपल्या गावच्या बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आसावर नुसताच फिरतो. एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासतो, म्हणून गाडीवानाला वरचेवर वंगण घालावे लागते. देवाच्या रथाचीही घडण मुळात अशीच. मोटारीच्या वेगाला हे घासणे सोसणारे नव्हे. म्हणून चाक आणि आस यांच्यामध्ये पोलादाची दोन कडी बसवतात, एक आत आणि एक बाहेर. त्यांच्यामधल्या वाटेत गोल छर्रे असतात आणि ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना एका जाळीत अडकवलेले असते. घासण्याच्या जागी आता घरंगळणे येते. सारी गाडी, तिच्यातली माणसे आणि त्यांचे सामान यांचा भार अशा मूठभर छऱ्यांवर तोललेला असतो. गाडी पुसणारा ते पाहत नाही, चालवणारा पाहत नाही. ते दिसतात ते बिघडल्यावरच.

आमच्या गाडीची अडचण अशी की, तिच्या पुढच्या चाकांत जुन्या पद्धतीची छऱ्यांची बेअरिंगे आहेत. फोक्सवागनने १९६५ च्या सुमारास ती पद्धत सोडून निमुळत्या रोलरांची बेअरिंगे वापरावयास सुरुवात केली. त्यामुळे नंतरच्या गाड्यांचा माल आमच्या आसावर जसाच्या तसा बसत नाही. जर्मनीत या गाडीचे उत्पादन १९७८ साली थांबले. अगदी शेवटची गाडी मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली, तोवर एकंदर २ कोटी १५ लाखांवर गाड्या तयार झाल्या होत्या. एवढ्या प्रचंड कुळातली गाडी, म्हणून तिच्या भागांचा तुटवडा नसावा, असे वाटते. परंतु तुटवडा मालाचा नव्हता, चांगल्या मालाचा होता.

कार्तिकात कामानिमित्त मी मुंबईस गेलो होतो. तिथल्या जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात एका दुकानदाराला मी गाडीचे नाव सांगितले, साल सांगितले, आणि एका नामवंत जर्मन कारखान्याचे नाव घेऊन म्हणालो, “त्याचेच बेअरिंग पाहिजे.” तो आत गेला आणि धूळ झाडीत एक पेटी घेऊन आला. पेटीवर त्या कारखान्याचे नाव ठसठशीत छापलेले होते. “साहेब, एकदम ओरिजिनल,” तो म्हणाला. त्याने किंमत सांगितली, मी ती निम्म्यावर आणली. मग तो हळूच म्हणाला, “बिल नको असेल तर कराचेही वाचतील.” मी बिल नको म्हणालो. कायद्याची पदवी घेतलेला, वीस वर्षे लोकांना ‘कागद करून घ्या’ असे बजावणारा मी, दोनतीनशे रुपयांसाठी कागदावाचून माल घेऊन बाहेर पडलो, आणि वर आपण चतुर आहोत अशा आनंदात गोव्याला परतलो.

मेस्तांनी पेटी उघडली. तेलकट कागद सोडून बेअरिंग बोटांत धरले, कडे फिरवले, थांबवले, पुन्हा फिरवले. त्यांच्या कपाळावर आठी आली. “म्हज्या मनाक येना,” ते पुटपुटले. मी त्यांच्यापुढे पेटी धरली आणि नावावर बोट ठेवले. जर्मनीतल्या त्या कारखान्यापेक्षा आपल्याला अधिक कळते काय, अशा अर्थाचे काहीसे बोललोही असेन. मेस्तांनी माझ्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि हातोडी बाजूला ठेवून बेअरिंग बसवावयास घेतले.

मार्गशीर्षात आईला घेऊन मी बेळगावला ताईकडे गेलो. जाताना काही झाले नाही. परतताना चोर्ला घाटात उतार लागला आणि डावे चाक गुरगुरू लागले. या गाडीच्या वेगदर्शकाची तार पुढच्या डाव्या चाकाच्या आसातून जाते. तिच्यामुळे काटा थरथरू लागला, आणि पुढच्या वळणावर चाकातून लोखंड भरडल्यासारखा आवाज आला. मागच्या आसनावर बसलेली आई काही बोलली नाही. तिने फक्त समोरची पाठ घट्ट धरली. मी वेग उतरवला आणि पायी चालणारा माणूस पुढे जाईल अशा गतीने गाडी घाटाखाली केरीपर्यंत आणली. चाकाच्या मध्याला हात लावला तो तत्काळ मागे घ्यावा लागला, इतके ते तापले होते. एका बाजूला सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मागे बसलेली आई, हे चित्र मला पुढे कित्येक रात्री झोपेत दिसत असे.

केरीच्या रस्त्यावर उभा राहून मी मेस्तांना दूरध्वनी केला, आणि त्या क्षणी माझ्या तोंडून जे शब्द गेले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. एवढेच सांगतो की, बेअरिंग बसवताना त्यांनी हातोडी चालवली असणार, म्हातारपणी त्यांचा हात गेला आहे, आणि माझ्या आईच्या जिवाशी त्यांनी खेळ केला आहे, असे तिन्ही आरोप मी एका दमात त्यांच्यावर ठेवले. पलीकडे त्यांची मुले आणि कामावरची पोरे ऐकत होती, हे मला नंतर कळले. मेस्त एवढेच म्हणाले, “गाडी हाडात, वकीलबाब. पळोवया.” दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. त्यांनी फुटलेले बेअरिंग काढले, केरोसीनमध्ये धुतले, स्वच्छ फडक्यात गुंडाळले आणि माझ्या हाती दिले. बाजू मांडली नाही. मीही ती विचारली नाही.

ते फडके माझ्या टेबलावर पुराव्यासारखे पडून राहिले. आईने एके दिवशी ते पाहिले आणि म्हणाली, “हे तुझ्या मामाला का नाही दाखवत?” वडोदऱ्याच्या मामाने बेअरिंगच्या कारखान्यात, मालाच्या तपासणीच्या खात्यात आयुष्य घालवले होते, याची मला तोवर आठवणच झाली नव्हती. वाचकांपैकी जे वडोदऱ्यास असतील त्यांना ठाऊक असेल की, बेअरिंगच्या धंद्यात ते शहर थोडेथोडके नाही. जर्मनीतील श्वाइनफुर्ट या गावात फ्रीड्रिख फिशर या कारागिराने १८८३ साली पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारे यंत्र तयार केले, आणि त्यातून त्या गावात या धंद्याची पेठच वसली. त्या परंपरेतल्या कारखान्याच्या सहकार्याने १९६२ साली वडोदऱ्यात ‘प्रिसिजन बेअरिंग्ज’ ही कंपनी स्थापन झाली. श्वाइनफुर्टची महती शत्रूलाही पटलेली होती. दुसऱ्या महायुद्धात १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकेच्या विमानांनी त्या गावावर बाँबहल्ले केले. दुसऱ्या हल्ल्यात त्यांची ६० अवजड विमाने परत आली नाहीत. एवढी किंमत मोजण्याचे कारण एकच होते. बेअरिंगे बंद पडली तर रणगाडे, विमाने आणि कारखाने सारेच अडून बसेल, असा त्यांचा हिशेब होता.

मी ते फडके मामाकडे पाठवले. सोबत पत्र लिहिले आणि त्यात, वकिली सवयीप्रमाणे, मेस्तांवरचे आरोपपत्रही जोडले. दहा दिवसांनी मामाचे उत्तर आले. पत्र हाताने लिहिलेले, ओळी आखल्यासारख्या सरळ. त्यातला आशय माझ्या शब्दांत सांगतो.

चुकीच्या जागी हातोडीचा घाव बसला, तर तो घाव छऱ्यांमधून कड्यावर उतरतो आणि छर्रे जिथे जिथे टेकले होते तिथे तिथे, सारख्या अंतरावर, बारीक खळगे पडतात. मामाने भिंगातून पाहिले. तसे खळगे नव्हते. बसवणाऱ्याने कडे सरळ आणि अलगद दाबून बसवले होते. ग्रीसही बेताचे होते. बिघाड वेगळाच होता. छर्रे ज्या वाटेवरून धावतात तिचा सारा पृष्ठभाग खवल्याखवल्यांनी सुटून आला होता. मामाने मग कानस घेतली. चांगल्या बेअरिंगचे पोलाद सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम यांचे असते आणि तापवून, विझवून ते असे कठीण केलेले असते की, त्यावर कानस चालवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. या कड्यात कानस सहज रुतली. ते नाव लावण्यापुरतेच बेअरिंग होते. कड्यावर कोरलेली अक्षरेही उथळ आणि एकमेकांपासून कमीजास्त अंतरावर होती. शेवटी मामाने लिहिले होते, “तुझ्या मेस्ताचा यात दोष नाही. उलट, असा माल बसवूनही तुम्ही घाटाखाली जिवंत उतरलात, यात त्याच्या हाताचा थोडा वाटा असावा. आता दोष कोणाचा ते तू ठरव. तू वकील आहेस.”

मी ते पत्र दोनदा वाचले आणि कपाटातून मालविक्रीचा १९३० चा कायदा काढला. कशासाठी काढला ते माझे मलाच कळले नाही. दुकानदाराला धडा शिकवावा असा विचार मनात असावा. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या १०३ व्या कलमान्वये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि असा माल विकणाराही १०४ व्या कलमातून सुटत नाही, हे मला तोंडपाठ होते. परंतु मी घेतलेल्या मालाचे बिल कुठे होते? कोणत्या दुकानातून, कोणत्या दिवशी, कोणत्या वर्णनाचा माल घेतला, हे सिद्ध करणारा एक कपटाही माझ्यापाशी नव्हता. अशिलाने अशी कैफियत आणली असती तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते.

मग नजर १६ व्या कलमावर गेली. खरेदीदाराने विक्रेत्याला आपला हेतू सांगितला, त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला आणि तसा माल विकणे हाच त्या विक्रेत्याचा धंदा असला, तर माल त्या कामास योग्य असेल अशी हमी कायदा गृहीत धरतो. परंतु त्यालाच एक परंतुक जोडलेले आहे. एखादी ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली, तर ती विशिष्ट कामास योग्य ठरेल अशी हमी गृहीत धरली जात नाही. बनावट मालाविरुद्ध कायद्याची इतर दारे उघडी असतात हे खरे, तथापि हे परंतुक मला आरशासारखे वाटले. दुकानात जाऊन मी काय मागितले होते? चाकावर येणारा भार, आसाची जाडी, घाटातला उतार, यांतले काहीएक मी सांगितले नव्हते. मी नाव मागितले, आणि दुकानदाराने मला नाव दिले. पेटीत नावाखेरीज काही नव्हते.

आणि ज्याने हेतू ओळखला होता, ज्याने बोटांनी ती वस्तू पाहून ‘मनाला येत नाही’ असे सांगितले होते, त्या माणसाला मी त्याची बाजू न ऐकता दोषी ठरवले होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा देऊ नये, हे आमच्या विद्येतले पहिले सूत्र. वीस वर्षे मी ते न्यायाधीशांना ऐकवीत आलो आहे.

त्याच संध्याकाळी मी मेस्तांकडे गेलो. मामाचे पत्र खिशात होते. त्यांची मुले आणि पोरे कामावर होती. ज्यांच्यासमोर आरोप केला होता त्यांच्यासमोरच तो मागे घ्यावयाचा, असे मी ठरवून गेलो होतो, तरी बोलताना शब्द अडखळले. अशिलाची बाजू मांडणे सोपे असते. मी पत्र वाचून दाखवले आणि म्हणालो, “मेस्त, चूक माझी होती. तुम्ही सांगितले होते, मी ऐकले नाही.” ते हात पुसत उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुमी पेटी पळयली, बेअरिंग पळयलें ना. पूण मन नाशिल्लें तरी हांवें तें बसयलें. ती चूक म्हजी.” मी क्षमा मागावयास गेलो होतो, आणि त्यांनी माझ्या अपराधातला आपला वाटा उचलून मला आणखीनच लहान केले.

माघातली जत्रा तीन आठवड्यांवर आली होती. आई कासवाजवळून जाताना त्याच्या चाकाकडे एक नजर टाकी आणि काही न बोलता घरात जाई. या वेळी शोध मेस्त, मामा आणि मी, असा तिघांनी मिळून केला. मामाने पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, मापे घ्या. आसाची जाडी, हबच्या पोकळीचा व्यास, कड्यांची रुंदी, हे सारे मेस्तांनी मापकाने मोजून कागदावर उतरवले. सामान्य बेअरिंगच्या अंगावरचा आकडाही एक भाषा असते, हे मला मामाकडून कळले. ६२०६ या आकड्यातल्या शेवटच्या ०६ ला पाचाने गुणले की ३० मिलिमीटर हे आतल्या भोकाचे माप मिळते. ६३०६ चेही भोक ३० मिलिमीटरच, परंतु पहिल्याचा बाहेरचा व्यास ६२ आणि रुंदी १६, तर दुसऱ्याचा व्यास ७२ आणि रुंदी १९. म्हणजे दुसरा तोच आस धरून अधिक भार पेलणारा. आमच्या गाडीची जुनी बेअरिंगे या सरळ कोष्टकात बसत नाहीत, म्हणून तर एवढा खटाटोप. परंतु आकडा वाचता येऊ लागला की पेटीवरच्या नावाचा दरारा आपोआप कमी होतो.

पहिला माल मिळाला तो खराखुरा जुना जर्मन. एका जुन्या गाडीवाल्याने पन्नास वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेला, कागद न सोडलेला. मला तो पाहूनच गहिवरून आले. मेस्तांनी कागद सोडला. ग्रीसचे मेण झाले होते. धुऊन उजेडात धरले तेव्हा वाटेवर मोहरीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसले. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यांनी आपले काम केले होते. मी म्हणालो, “पण खरे आहे ना?” मामाला दूरध्वनी केला तर तो हसला. म्हणाला, “खरे आहे म्हणून चांगले आहे असे नाही रे. गंज वंशावळ पाहत नाही. जिथे ठिपका, तिथून खवला सुटायला सुरुवात.” ते बेअरिंग मी परत केले नाही. आज ते माझ्या टेबलावर कागद दाबण्यासाठी आहे.

शेवटी माल मिळाला तो अलीकडे तयार झालेला, जुन्या मापाबरहुकूम बनवलेला. पेटी साधी, रंगरहित. विक्रेत्याला मी गाडी, चाक, मापे आणि घाटाचा उपयोग हे सारे लेखी कळवले, आणि करासह पुरते बिल घेतले. किंमत पहिल्या वेळेच्या चौपट पडली. मामाने ते आधी स्वतःकडे मागवून घेतले, मापले, भिंगातून पाहिले, बोटांत फिरवले आणि मगच गोव्याला पाठवले. सोबत चिठ्ठी होती. तिच्यातली एक गोष्ट मला विशेष आवडली. बेअरिंगचे कारखानदार आयुष्याची जी गणना देतात ती शंभरांपैकी नव्वद नग गाठतील अशा आयुष्याची असते. उरलेले दहा त्याआधीच जातील, हे ते आधीच सांगून टाकतात. आणि छऱ्यांच्या बेअरिंगवर भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, ते एकअष्टमांश होते. “म्हणून,” मामाने लिहिले होते, “जत्रेला जाताना अर्धे गाव गाडीत कोंबू नकोस.”

बेअरिंग बसवण्याच्या दिवशी मी अंगणात पाट घेऊन बसलो आणि प्रथमच ते काम शेवटपर्यंत पाहिले. मेस्तांनी खाली धुतलेले कापड अंथरले, हात साबणाने धुतले आणि बसवण्याच्या क्षणापर्यंत बेअरिंगचा कागद सोडला नाही. बाहेरचे कडे हबमध्ये बसवताना जोर बाहेरच्या कड्यावरच दिला, छऱ्यांवर भार येऊ दिला नाही. ग्रीस बोटांनी जाळीत दाबून भरले, पण हबची पोकळी ठासली नाही, कारण जास्तीचे ग्रीस घुसळून तापते. या गाडीच्या डाव्या आसाचे आटे उलटे असतात. नवखा माणूस ते घट्ट करावयास जातो आणि सैल करून बसतो. शेवटी नटाची घट्टाई ठरवावयाची. मेस्तांनी नट आवळला, चाक फिरवले, नट किंचित सोडला आणि आतल्या चकतीला पेचकसाच्या टोकाने बाजूला ढकलून पाहिले. चकती सहज सरकली तर सैल, मुळीच न सरकली तर घट्ट. थोड्या जोराने जेमतेम सरकली पाहिजे. तीन वेळा त्यांनी नट फिरवला. मग दुसरा नट लावला, मधला पत्रा वाकवून दोन्ही पक्के केले आणि म्हणाले, “आतां म्हज्या मनाक आयलें.” हे वाक्य ऐकण्यासाठी मी दोन महिने थांबलो होतो, असे मला त्या वेळी वाटले.

आदल्या दिवशी मी एकटाच डिचोलीपर्यंत जाऊन आलो आणि चाकाच्या मध्यावर हात ठेवून पाहिला. कोमट होते. जत्रेच्या दिवशी पहाटे आई नेहमीप्रमाणे मागच्या आसनावर बसली, मांडीवर ओटीचे ताट आणि नारळ. मेस्तांना मी पुढे माझ्या शेजारी बसवले. ते नको नको म्हणत होते. मांडवी ओलांडली, फोंड्याचा रस्ता लागला, झाडांच्या कमानी सुरू झाल्या. एका उजव्या वळणावर माझे कान नकळत डाव्या चाकाकडे गेले. शेजारी पाहिले तर मेस्तही मान तिरकी करून ऐकत होते. आमची नजरानजर झाली आणि दोघेही ओशाळून समोर पाहू लागलो. तेवढ्यात मागून आई म्हणाली, “आज आवाज नाही रे.”

देवळापाशी रथाला दोर बांधण्याची गडबड चालू होती. लोक रथाच्या कळसाकडे, पताकांकडे, फुलांकडे पाहत होते. मेस्त मात्र गर्दीतून वाट काढीत रथाच्या चाकाशी गेले, वाकले आणि कणा कुठे टेकतो ते पाहू लागले. मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि त्यांच्याबरोबर वाकलो.